एक जुलैचे गंधर्व

२० मे १९७३, रविवार. सकाळी ९.

वही नवी, शाई नवी. संकल्प जुनाच: यंदा मंडळाच्या वार्षिक संगीतसभेत गायचं.

धरमपेठेतल्या आमच्या संगीत मंडळाचे वृत्तांत गेली अठरा वर्षं मी पेपरात देतो. 'मैफल उत्तरोत्तर रंगत गेली' हे वाक्य माझ्या नावावर एकशे सात वेळा छापून आलं आहे (कात्रणं मोजली). स्वतः एकदाही रंगलो नाही. कारण भैय्याजी. मंडळाचे सेक्रेटरी, हार्मोनियम वाजवतात. अठरा वर्षांपूर्वी त्यांनी माझा सा ऐकला आणि म्हणाले, "आनंदराव, आपण कामं वाटून घेऊ. आम्ही गातो, तुम्ही लिहा." मी तेव्हा ती माझ्या लेखणीची स्तुती समजलो.

१ जुलैला मला पन्नास पूर्ण होतात. त्या दिवशी व्यासपीठावर बसून भैरवी गाणार. नाही तर कधीच नाही.

२१ मे.

पहाटे पाचला उठून खर्ज लावायचा ठरलं होतं. उठलो आठला. सौ. म्हणते, खर्ज रात्रभर चालूच होता, पहाटे पाचला कुठे थांबला.

२२ मे. उन्हाचा कहर. वाळ्याच्या ताट्यासुद्धा सुकून चालल्या.

भैय्याजींनी काम दिलं. गाण्याचं नव्हे, लिहिण्याचं. स्मरणिकेसाठी कलावंतांचे परिचय हवेत. मी पाठशाळेत न्यायशास्त्र शिकलेला माणूस, प्रमाणाशिवाय शब्द लिहीत नाही. प्रत्येकाला शाळेचा दाखला मागितला. तबलजी रूपराव म्हणाले, "शास्त्रीजी, तबला वाजवाले दाखला काहून लागते?" दुर्लक्ष केलं.

२५ मे.

रूपराव: जन्म १ जुलै १९३०.

धोंडबा (क्लॅरिनेट, एरवी जरीपटका वस्तीतल्या एका लग्नाच्या बँडमध्ये): जन्म १ जुलै १९३४.

पाणी प्यायलो. टॉवेल खांद्यावर टाकून तसाच कुसुमताईंकडे गेलो. ताई दवाखान्यात नर्स आहेत, भावगीत असं गातात की पेशंट डिस्चार्ज मागत नाहीत. दाखला पेटीच्या तळाशी होता. जन्म १ जुलै १९३६.

आणि मी. १ जुलै १९२३.

चार माणसं, चार सालं, एक दिवस. याला काकतालीय म्हणणारे म्हणोत. कावळा बसला आणि फांदी तुटली, एवढं एकदा झालं तर योगायोग. चार फांद्या तुटल्यावर कावळ्याचं वजन मान्य करावं लागतं.

सिद्धान्त: १ जुलै या दिवशी नादब्रह्माचा काही विशेष संचार होतो. त्या दिवशी जन्मलेला मनुष्य संगीतकार असतोच. कोणी प्रकट, कोणी सुप्त. मी दुसऱ्या प्रकारचा.

२६ मे.

भैय्याजींची जन्मतारीख १४ सप्टेंबर. वडील वकील, त्यामुळे जन्मनोंदीचा शिक्क्यासह उतारा. मला हे पूर्वीच जाणवायला हवं होतं.

२७ मे, रविवार.

भैय्याजींना सिद्धान्त समजावला. दीड तास. त्यांनी मध्ये दोनदा पान लावलं. मी सुचवलं: यंदाची सभा १ जुलैलाच, रविवार आहे, आणि गाणारे-वाजवणारे सगळे १ जुलैचे. जगात असं कोणी केलं नसेल. पेपरात तीन कॉलम माझ्याकडून.

ते म्हणाले, "अन् हार्मोनियमवर कोण?" मी म्हटलं, अपवाद म्हणून तुम्हाला बसू देऊ. ते म्हणाले, "मोठे उपकार. अन् भैरवी?"

 मी माझा दाखला त्यांच्यासमोर ठेवला.

बराच वेळ त्यांनी तो वाचला. मग म्हणाले, "कागदावर तर तुम्ही पक्केच सुरात हाय." झालं! अठरा वर्षांनी.

३१ मे.

आजपासून दही, लोणचं, तळलेलं बंद. ज्येष्ठमध तोंडात. सायंकाळी वार्तांकनासाठी जावं लागलं, तिथे भजी होती. नाही म्हटलं असतं तर यजमान दुखावले असते. दोन प्लेट.

३ जून.

पुरावे वाढताहेत. रूपरावांचा धाकटा भाऊ कवडू, तोही १ जुलैचा! रूपरावांहून दोन वर्षांनी लहान. सुतारकाम करतो. त्याचा रंधा लक्षपूर्वक ऐकला, स्पष्ट दादरा. आमचा गवळी नत्थू, १ जुलै. चरवीत धार सोडताना लय पाहण्यासारखी असते. सौ. म्हणाली, "लय पाहू नका, पाणी पाहा."

१० जून.

धोंडबाच्या घरी गेलो, आईकडून बालपणीच्या आठवणी टिपायला. बायजाबाई सत्तरीच्या, कान तेज. म्हणाल्या, "हा कायचा जुलैत! हा पोया झाला, अन् दुसऱ्या दिवशी मारबत निघाली ना, तवा झाला. बाहीर ढोल वाजून राहिले होते, घरात याचा गळा. सुईण म्हणे, कोणता आवाज कोनाचा तेच समजत नाही वं."

पोळा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक कधीही ऑगस्टच्या आधी येत नाही, हे पंचांग मला येतं. पण म्हातारपणी स्मृती मागेपुढे होते. दाखला हे शब्दप्रमाण. त्यावर सही आहे, शिक्का आहे. बायजाबाईंवर दोन्ही नाहीत. धोंडबाला विचारलं तर म्हणतो, "मले काय ठावं जी? मी तवा लहान होतो."

१२ जून.

रात्री तिन्ही कलावंतांचे दाखले एकाशेजारी एक मांडले होते. सकाळी पुन्हा पाहिले आणि थरारलो. तिन्हींवर एकाच मुख्याध्यापकाची सही! ना. गो. असं काहीसं, शेवटी लांब शेपूट.

म्हणजे तिघंही एकाच गुरूच्या हाताखालून गेले. काय पारख असेल त्या माणसाची! चारशे पोरांतून नेमकी १ जुलैची पोरं हुडकून शाळेत घ्यायची, ही दिव्यदृष्टी.

१५ जून.

सापडले! नानाजी मास्तर, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त, महाल भागात मुलाकडे असतात. प्रमुख पाहुणे म्हणून आमंत्रण दिलं. सिद्धान्त सांगितला नाही, व्यासपीठावर चकित करायचं आहे. फक्त म्हटलं, तुमचे तीन विद्यार्थी मोठे कलावंत झाले, तिघंही १ जुलैचे. मास्तर हसू लागले ते थांबेचनात. शेवटी ठसका लागला. आनंदातिरेक.

१९ जून.

तालीम. भैय्याजींनी विचारलं, सूर कोणता देऊ. मी म्हटलं, सोयीचा. ते म्हणाले, "कोणाच्या?"

रूपरावांनी ठेका धरला, पण मधेच हात पुसत थांबले. म्हणाले, "शास्त्रीजी, तुम्ही सम कुठं ठेवता ते सांगून ठेवा, मी तिथं येऊन बसतो." कुसुमताई मात्र माया करून बोलल्या, "भाऊ, आवाज मोठा आहे तुमचा." मोठा! लिहून ठेवतो.

२४ जून.

शेजारच्या रंभाबाईंनी सौ.ला विचारलं, घरात कोणाला बरं नाही का. पहाटे कण्हण्याचा आवाज येतो म्हणे. लोकांना कोमल ऋषभ कळत नाही.

२७ जून.

आज पेपरात माझी आगाऊ बातमी: 'एकाच दिवशी जन्मलेल्या संगीतकारांची अपूर्व सभा'. संपादक म्हणाले, चांगली आहे, लोक येतील. मी म्हटलं, यावंच लागेल.

पन्नास वर्षांत मला कुणी कशासाठी निवडलं नव्हतं. हे वाक्य का लिहिलं कळत नाही. खोडणार होतो, शाई वाया जाईल म्हणून राहू दिलं.

३० जून. सायंकाळी ६.

नवा सदरा इस्त्री. घसा बसल्यासारखा वाटतो. ज्येष्ठमध संपलं. उद्या.

२ जुलै, सोमवार. दुपारी ३.

काल लिहिणं झालं नाही. आता क्रमाने.

सभागृह तुडुंब. उभी माणसं. माझं प्रास्ताविक पंचवीस मिनिटं: कावळा, फांदी, नादब्रह्म, सगळं. टाळ्या लवकर सुरू झाल्या, भाषण संपायच्या आधीच.

मग कुसुमताई गायल्या. सभागृह असं शांत झालं की पंख्यांची खरखर ऐकू आली. रूपरावांचा स्वतंत्र तबला. मग धोंडबा. क्लॅरिनेटवर त्याने सुरुवात केली तेव्हा मागच्या बाकांवरची पोरं दात काढत होती, बँडवाला म्हणून. पाच मिनिटांत दात मिटले. लोकांनी त्याला खाली उतरू दिलं नाही. दोनदा पुन्हा वाजवायला लावलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मनात म्हटलं, यांच्याच रांगेतला मी.

मग नानाजी मास्तर उठले. दोघांनी धरून माइकपाशी आणलं. आवाज मात्र खणखणीत, वर्गातला.

म्हणाले, "शास्त्रीजींनी तीन पोरं मोजली. मी चाळीस वर्षांत किती पोरं १ जुलैला जन्माले घातली, माझ्या बायकोलेही माहीत नाही."

मग सांगू लागले. शाळा जुलैच्या एक तारखेला उघडायची. मायबाप पोराला धरून यायचे. जन्मतारीख विचारली की कोणी म्हणे गाय व्याली त्या साली, कोणी म्हणे नाल्याला पूर आला तेव्हा. मग मास्तर पोराला सांगायचे, उजवा हात डोक्यावरून घे, डावा कान धर. कानाला हात पोचला की सहा वर्षं पूर्ण. लिही १ जुलै, साल मोजून. "नाही पोचला तर म्हणायचो, आणखी एक वरीस भाकर खाऊ घाला याले, मग आना."

रूपराव तिथेच व्यासपीठावर उजवा हात डोक्यावरून घेऊन कान धरून बसले. लोक हसले. मास्तरांनी सभागृहाला विचारलं, कोणाकोणाचा १ जुलै? हात वर करा.

अर्ध्याहून जास्त हात. पानवाला, पोस्टमन, बंदोबस्ताचा हवालदार, माइकवाला. मागून कोणीतरी ओरडलं, "मंग आमालेबी गाऊ द्या ना गा!"

किती वेळ हसत होते, घड्याळ पाहिलं नाही. मी माझ्या मांडीवरच्या टिपणाकडे पाहत होतो. सिद्धान्ताची सात पानं होती.

हशा ओसरल्यावर भैय्याजी माझ्याकडे वळले. वाटलं, आता म्हणतील, आनंदराव, तुम्ही लिहा. म्हणाले नाहीत. हार्मोनियमचा भाता उघडला, सूर धरला आणि हळूच म्हणाले, "चला. लोक बसले हायेत."

गायलो.

श्रोते डोळे मिटून ऐकत होते. काही जण भारावून लवकर निघाले. पहिल्या अंतऱ्याला रूपरावांनी तबला थांबवला, गळ्याला मोकळीक मिळावी म्हणून. भैय्याजींनी माझ्यासाठी तीन वेळा सूर बदलला, कोणाच्या लक्षात येऊ न देता. चौथ्यांदा त्यांनी भाता बंद केला.

कुसुमताईंनी पाणी आणून दिलं. परत येताना रिक्षात सौ. म्हणाली, "शेवटपर्यंत गायलात." मी विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, "सांगितलं ना. शेवटपर्यंत."

५ जुलै.

वृत्तांत अजून दिला नाही. पण विचार झाला आहे.

चूक सिद्धान्तात नाही, तारखेत आहे. माझीही तारीख कोणा मास्तरानेच लिहिलेली असणार. सावनेरची शाळा, तिथेही असाच कानाला हात. पत्रिका तर वाळवीने कधीच खाल्ली. म्हणजे मी परवा परक्या माणसाच्या वाढदिवशी गायलो. सूर लागेल कसा? माझा खरा दिवस वेगळा आहे, आणि भैरवी त्या दिवशी लागेल. फक्त तारीख सापडली पाहिजे. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी गोपिकाताई सावनेरला आहे, तिला सगळं आठवतं. कार्ड टाकलं.

८ जुलै.

सौ.ने विचारलं, कशाची वाट पाहताय. म्हटलं, कशाची नाही. पोस्टमन दोन वेळा येऊन गेला. तो १ जुलैचा. आता त्याची शिट्टीही बेसूर वाटते.

९ जुलै.

भैय्याजी येऊन गेले. गाण्याविषयी एक शब्द नाही. धोंडबाला भंडाऱ्याहून बोलावणं आलं आहे, लग्नाचं नव्हे, मैफलीचं. धोंडबा विचारत होता म्हणे, शास्त्रीजी नाराज तर नाहीत. मी का नाराज होऊ? मारबतीच्या दिवशी जन्मलेल्या माणसाचं मला कौतुकच आहे.

१३ जुलै, शुक्रवार. सकाळी ११.

ताईचं कार्ड. उतरवून ठेवतो.

'चि. आनंदास अनेक आशीर्वाद. तुझी तारीख खरी आहे. एक जुलैच. मी दाराशी बसले होते, पहाट होती. बाबांनी लगेच पंचांगाच्या कोऱ्या पानावर तारीख नि वेळ लिहिली, ते पंचांग माझ्या ट्रंकेत आहे, पाहिजे तर येऊन पाहून जा. तुला शाळेत घातलं तेव्हा बाबा म्हणाले एक जुलै, तर मास्तर हसून म्हणाले, काका, ती आम्ही लिहू, तुम्ही खरी सांगा. बाबा पंचांग घेऊन गेले तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला. मास्तर म्हणाले, इतक्या वर्षांत हा पहिलाच. बाकी सर्व ठीक. प्रकृतीस जप.'

दोनदा वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून अनुमान मांडून पाहिलं. रूपराव कधी जन्मले कोणाला माहीत नाही. कुसुमताई कधी, माहीत नाही. धोंडबा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. पानवाला, पोस्टमन, हवालदार, सगळे कानाला हात लावून जन्मलेले.

म्हणजे त्या दिवशी अख्ख्या सभागृहात १ जुलैला खरोखर जन्मलेला माणूस एकच होता, आणि भैरवी त्यानेच गायली.