चष्मेवाला सिंह

३ मार्च

जुनी डिस्क गेली एकदाची! सकाळपासून कुरकुरत होती, दुपारी बाराला मान टाकली. भरतकामाची बारा मशीनं आणि सगळ्यांच्या नक्ष्या तिच्यावर. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा. "आता बाराही मशीनं नव्यानं शिकवायची?"

एकही नाही, म्हटलं! मशीनला डिस्क-बिस्क काही ठाऊक नसतं. त्याला ठाऊक फक्त 'नक्षी' हे नाव. त्या नावाचा खरा पत्ता सिस्टीमकडे लिहिलेला असतो. बॅकअप नव्या डिस्कवर उतरवला, पत्त्याची एक ओळ बदलली, की बाराही मशीनं सुरू. साहेब म्हणाले, "एक तारखेला तुला कायम करायचं का, बघू." बघू म्हणे! सहा महिने बघतायत. आई रोज दारातच विचारते, "झालीस का गं कायम?"

५ मार्च

सात नंबरच्या मशीनवरच्या काकू जेवणाच्या सुट्टीत माझ्या खुर्चीत येऊन बसल्या. इथे तीस वर्षं झाली त्यांना, दोन महिन्यांत निवृत्त. "मलाही शिकव की तुझी जादू."

शिकवली. एका नावापुढे दोन-तीन पत्त्यांची यादी लावता येते. सिस्टीम ओळीने शोधते. पहिल्या ठिकाणी फाइल सापडली की पुढे बघतच नाही. काकू म्हणाल्या, "म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखं! वरच्या फळीवर डबा दिसला की खालच्या फळीवर हात जात नाही." हसून हसून पुरेवाट. यादीत पत्ता घालणं, काढणं, दोन्ही त्यांच्याकडून करून घेतलं. एका बोटाने टाइप करतात, पण एकदाही चुकल्या नाहीत.

९ मार्च

नवा सोनेरी धागा तपासायचा होता. माझा 'चाचणी' फोल्डर यादीत पहिला लावला. शाळेच्या बॅजची नक्षी त्यात कॉपी केली. बारीक वळणावर धागा तुटतो का बघायला बॅजवरच्या सिंहाला सोनेरी चष्मा चढवला. तुटला नाही. काय रुबाबदार दिसतो!

१० मार्च

सुट्टी. झोपले.

१२ मार्च

मेले! सहाशे बॅज. सहाशे सिंह, चष्मा लावून!

चाचणी संपली, पण माझा फोल्डर यादीतून काढायचा राहिला. नाव तेच, पहिला सापडला तो माझाच. सोनेरी सिंहावर सोनेरी चष्मा, बॅज काढणाऱ्या काकूंच्याही लक्षात आलं नाही. शाळेच्या मोठ्या बाईंच्या मात्र आलं – सगळा माल परत. साहेब लालेलाल. "चाचणीत काय वाटेल ते काढा, पण ते मशीनवर कुणी चढवलं?"  मी मान खाली घातली. सगळी मशीनं बंद ठेवलीयत, उद्या साहेब स्वतः यादी तपासणार. एक तारीख डोळ्यांपुढे नाचतेय. 

१३ मार्च

सकाळी काकूच पुढे झाल्या. "माझ्या हातून झालं साहेब. चाचणीची फाइल मीच चुकून लावली." साहेबांनी यादी उघडून बघितली – चोख आहे म्हणाले. काकूंना मशीनवरून उठवून धागे कापायच्या टेबलावर बसवलं. तीस वर्षांनी!

आणि मी त्यांना जाऊ दिलं. स्वतःची लाज वाटते.

१४ मार्च

चोख कशी? मी तर यादीला हात लावला नव्हता. आज उघडून बघितली. माझा फोल्डर खरंच नाही. तो काढता येणारी इथे दुसरी एकच बाई.

टेबलापाशी गेले. "काकू, का?" मान वर न करता म्हणाल्या, "माझे दोन महिने राहिलेत, तुझी तीस वर्षं. जा, कामाला लाग."

१५ मार्च

साहेबांना सात नंबरपाशी बोलावलं. त्यांच्यासमोर माझा 'चाचणी' फोल्डर पुन्हा यादीत पहिला घातला आणि मशीन चालू केलं. सिंह चष्म्यासकट उतरला. "फोल्डर माझा, काढायचा राहिला तोही माझ्याकडून," म्हटलं.

काकू पुन्हा मशीनवर बसल्या. माझ्याशी बोलत नाहीत. उद्यापासून मी यायचं नाही.