शाईतलं पत्र

शुझेन्जी, १४ नोव्हेंबर

प्रिय तोमिएताई,

नमस्कार. तब्येत बरी असेल. ब्रेलच्या ठिपक्यांत न लिहिता शाईचं पत्र पाठवलं म्हणून लगेच कपाळाला आठ्या घालू नकोस. शेजारच्या तोफूवाल्या काकू लिहून घेताहेत.

इथे गारठा पडलाय. गरम कुंडांवर गर्दी आहे, पण माझे अंगठे कामातून गेले, त्यामुळे मालिशीला मला आता कोणी बोलावत नाही.

इवासेबाईंकडे मालिश शिकत होतो ते दिवस फार आठवतात. सकाळी शेगडीपाशी आपण एकमेकींचे खांदे रगडायचो. तू, मी आणि बाई, तिघीही आंधळ्या, तरी बाई नुसत्या कापडाच्या आवाजावरून ओरडायच्या, "हिसानो, कणीक तिंबतेस का गं?" तू हसायचीस, आणि भाजलेल्या रताळ्याचा मोठा तुकडा मला द्यायचीस.

गेल्या महिन्यात आतामीला गेले होते. पाठ धरली म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी मालिशवाली बोलावली. सायोरी नावाची डोळस पोर आली. अंगावर सुती कापड पसरलं आणि बरगड्यांवर तळहात ठेवून थांबूनच राहिली.

"काय गं, झोपलीस का?"

"नाही हो आजी. वयस्कर माणसाचा श्वास आधी हाताला कळू द्यायचा, मग दाबायचं. आमच्या तोमिएबाईंच्या हातून तरुणपणी एका आजींची बरगडी मोडली होती. पहिल्याच दिवशी त्या हे सांगतात."

मला रडू आवरेना. पाठ दुखतेय म्हणून रडतेय असं तिला वाटलं.

ताई, बेचाळीस वर्षं झाली. त्या दुपारी त्या आजींच्या पाठीवर कोपर माझं होतं. इवासेबाईंनी विचारलं तेव्हा मी तुझं नाव घेतलं, आणि तू गप्प राहिलीस. त्यांनी तुला घालवून दिलं. बोचकं बांधून निघताना माझ्या डोक्यावरून हात फिरवलास. मला वाटायचं, तू मला शिव्या देत असशील. तू तर माझी चूक अजून आपली म्हणून सांगतेस! मला लाज वाटते गं.

शाईत लिहिलं ते मुद्दाम. ठिपके तू एकटीनेच बोटांनी वाचले असतेस आणि पत्र उशाखाली सारलं असतंस. शाई तुला त्या डोळस पोरीकडूनच वाचून घ्यावी लागणार.

सायोरी, बाळ, ती बरगडी तुझ्या बाईंनी मोडली नाही. मी मोडली. त्या आता तुला थांबवतील. ऐकू नकोस. पुन्हा एकदा मोठ्याने वाच.

रताळ्याचा मोठा तुकडा खाल्लेली,
हिसानो