तोंडात काय काय गेलं

सिस्टर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तुमच्याशी मनातल्या मनात भांडायची माझी खोड काही गेलेली नाही. या आठवड्यात तर चांगलीच भांडले आणि शेवटी तुम्हीच बरोबर निघालात. तेच लिहायला बसलेय. कपातला चहा गार झालाय, मुलगी दोनदा हाका मारून गेलीय, पण आज लिहिलं नाही तर मी काही पुन्हा लिहायची नाही, माझं मला माहीत आहे.

मी आता बोईसरला एका डायलिसिस सेंटरची इन्चार्ज आहे. हसू नका. पालघरला तुमच्या वॉर्डात शिकत होते तेव्हा किडनी गेली म्हणजे माणूस मुंबईला न्यायचा, आणि न्यायचा म्हणजे बहुतेक घरचे डोळे पुसायलाच लागायचे. आता आमच्याकडे आठ मशीन आहेत. कारखान्यातला माणूस सकाळी येतो, चार तास रक्त धुऊन घेतो, दुसऱ्या दिवशी कामावर हजर. त्यांच्या हातावर बोटं ठेवली की सुईसाठी जोडलेली नस मांजरासारखी घुरघुरते. ती घुरघुर लागली की माझा जीव भांड्यात पडतो. हे तुम्ही बघायला हवं होतं.

तर आमच्याकडे एक जण आहे, जव्हारकडच्या डोंगरातला, तारापूरच्या कारखान्यात कामाला, बायकोबरोबर कुंभवलीत खोली घेऊन राहतो. मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. लघवी जवळजवळ बंद, म्हणजे प्यायलेलं सगळं अंगातच राहणार, म्हणून दिवसाला पाण्याची हद्द घालून दिलेली. पण दर खेपेला काट्यावर उभा राहिला की वजन तीन-साडेतीन किलोने वाढलेलं, पाय सुजलेले, बोलताना धाप. विचारलं की एकच उत्तर, एक तांब्या पाणी पितो ताई, त्याच्या वर थेंब नाही. गेल्या मंगळवारी माझं डोकं फिरलं. सगळ्या पेशंटांसमोर म्हणाले, "खोटं बोलतोस. काटा खोटं बोलत नाही." त्याने मान खाली घातली. बायकोने पदर डोक्यावर ओढून घेतला. आणि शुक्रवारी तो आलाच नाही.

एक खेप चुकली की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. पाणी फुप्फुसात चढतं, आणि मग माणूस बसल्या जागी बुडतो. दुपारी फोन केला तर बायको म्हणाली, ते यायचं नाय म्हणतात. ड्यूटी संपताच रिक्षा करून कुंभवली गाठली. वाटभर तुम्हाला बोलत होते, की तुमच्यासारखी पेशंटची मर्जी सांभाळत बसले असते तर एव्हाना सगळे मेले असते.

आणि गंमत बघा, बोलता बोलता तो दिवसच समोर उभा राहिला. चिंचणीचे ते मच्छीमार बाबा, यकृत खराब, पोटात पाणी होऊन पोट हे एवढं. मीठ बंद सांगितलेलं, तरी पोट उतरत नव्हतं, म्हणून मी कागदावर लिहिलं, पेशंट ऐकत नाही. तुम्ही मला दंडाला धरून त्यांच्या खाटेशी नेलंत, स्टुलावर बसवलंत. म्हणालात, "अगं, मीठ खाता का विचारशील तर नायच म्हणतील. सकाळपासून तोंडात काय काय गेलं ते विचार." मी विचारते. बाबा सांगतात, चहा, दीड भाकरी आणि घरून आणलेला खारा बांगडा. मीठ? छे, मीठ कुठं, मासा हाय तो. अख्खा वॉर्ड हसतो. तुम्ही त्यांच्यासमोरच मला ते वाक्य खोडायला लावता. माझे कान लाल झालेले.

कुंभवलीच्या खोलीत तो भिंतीला टेकून बसला होता, आडवं होता येत नव्हतं. माझ्याकडे बघेना. बायको मात्र भली, म्हणाली, ताई, दमून आलात, थोडी पेज जेवा. मी तशीच उभी राहिले. जेवा म्हणाली ती, प्या नाही म्हणाली. चुलीवर ॲल्युमिनियमचं मोठं पातेलं, तळाला चार शितं आणि वर नुसतं पाणी. मी खाली बसले आणि तुमचा प्रश्न विचारला. सकाळी वाटगाभर पेज, दुपारी वाटगाभर, रात्री भूक असली तर दोन. "अहो ताई, ते पाणी कुठं? जेवण हाय ते," बायको म्हणाली. त्याने पाणी खरंच एक तांब्याच प्यायलं होतं.

मी म्हटलं, चूक माझी. पेजेचं पाणी ओतून टाकायचं, शितं घट्ट खायची, आणि वाटगा प्यायलाच तर तो पाण्यात धरायचा. उद्या पहिल्या पाळीला मशीन तुझ्यासाठी मोकळं ठेवते. त्याने पहिल्यांदा मान वर केली. "तिथं सगळ्यांसमोर बोललात, ताई," एवढंच म्हणाला. पुढे बोलायला श्वास पुरत नव्हता.

शनिवारी सकाळी साडेसहाला मी दारात उभी होते. सात वाजले. सव्वासात झाले. मग रिक्षातून बायकोच्या खांद्याला धरून तो उतरला. मी त्याला आत नेलं, आणि सुई लावायच्या आधी सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाले, की हा खरं बोलत होता, मीच नीट विचारलं नाही. कुणी हसलं नाही. त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "राहू द्या ताई, आता लावा." आज, मंगळवारी, वजन दीड किलोनेच वाढलं होतं. जिना चढून आला, धाप न लागता. बायको मला म्हणाली, घट्ट पेजेला आमी आता भातच म्हणतो.

माफी मागणं जमतं मला, हे शनिवारी कळलं, म्हणून दुसरीही उरकून टाकते. त्या बांगड्याच्या दिवसानंतर मी तुमच्या वॉर्डातून बदली मागितली होती, कंबर दुखते म्हणून. तुम्ही निरोप देताना मला रबराची गरम पाण्याची पिशवी आणून दिलीत, स्वतः बाजारात जाऊन. सिस्टर, माझी कंबर ठणठणीत होती.