रिकामा रकाना

उज्जैन, गुरुवार, संध्याकाळ

आमच्या ऑफिसात तक्रारीच्या फायलीवर ‘कोणी पाहावी’ हा रकाना रिकामा सोडतात. रिकामा म्हणजे कोणालाच दाखवायची नाही. वेबसाइटच्या नव्या नियमात मात्र रिकामा म्हणजे सर्वांसाठी खुली. हे आज कळलं, आणि फायली सोमवारीच वेबसाइटवर चढल्यात. त्यात शेजारच्या कुमुदकाकूंची, नानाखेड्याच्या बिल्डरविरुद्धची.

सरळ त्यांच्याकडे गेले. म्हणाल्या, “अगं, तुमचे ऑफिसवाले दोघं दुपारी आले होते. तक्रारीचं सगळं मालूम होतं त्यांना. घरी एकट्याच असता का, विचारत होते. मी चाय पाजली.”

आमच्याकडून कोणीच गेलं नव्हतं. तो रिकामा रकाना... काकूंना म्हटलं, कडी लावून बसा. हसल्या. माझ्या खिडकीतून दिसतंय, त्यांचं दार अजून उघडंच आहे. त्यांच्या फाटकाशी स्कूटर थांबलीय, वर दोघं.