ओट्यावरची खुर्ची

मंगळवार, संध्याकाळ. सिंधीपुरा, घरी.

तोंडाच्या आजारावरच्या थीसिसमधली चूक सापडली. माझीच.

स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात मावली तर तोंड नीट उघडतं. सुपारीनं गाल आखडले की दोनच मावतात. गेल्या महिन्यात तुकईथड गावातल्या बहुतेक सुनांची दोनच मावली. मी खूश! केवढा आजार, केवढा छान रिझल्ट.

आज त्यातल्याच सुनीताला पुन्हा तपासायला गेले. सासरे केळीच्या मळ्यात होते. बोलता बोलता ती खळखळून हसली आणि तोंड हे एवढं उघडलं. मग तीन बोटं आरामात गेली. म्हटलं, त्या दिवशी काय झालं होतं?

"मॅडम, मामंजी समोर बसेल होते ना. त्यांच्यापुढे एवढं तोंड फाडू का?"

खुर्ची मीच ओट्यावर मांडली होती, उजेड चांगला म्हणून. घरोघरी ओट्यावरच. हे मला सुचू नये? अजून कुणाची सून झाले नाही म्हणून?

गाईड सरांना फोन केला. "रहने दो, रिझल्ट अच्छा है." नाही सर, नाही राहू देणार. सगळ्यांची मापं पुन्हा घेणार, खुर्ची आत स्वयंपाकघरात नेऊन, बॅटरीच्या उजेडात. मला जमेल.

पण त्या दिवशी ओट्यावर अडकित्ता कुणाच्या हातात होता? मामंजींच्या. सुपारी कातरत म्हणाले होते, "मला काय झालंय? बायकांचं बघा." आणि मी बायकांचंच बघत बसले.

उद्या ओट्यावरच्या खुर्चीत पहिले तेच.