एका पायावरचं बदक

१६ ऑगस्ट, रविवार, संध्याकाळ

चैन पडत नाहीये. सकाळी लोधी गार्डनच्या तळ्यावर बदकांचे फोटो काढले. एक पांढरं बदक एक पाय वर धरून, पंख अर्धवट पसरून उभं होतं, नाचाच्या वर्गात उभं केल्यासारखं. त्या एकाचेच अकरा फोटो! घरच्या ग्रुपवर टाकले, सगळे हसले. पुण्याहून ताईनं लिहिलं, "अजून पाठव!"

चहा पिताना ईरा म्हणाली, "बाबा, ये बदक पाय खाली टेकतच नाहीये, यार." फोटो मोठा करून पाहिला. पायाला मांजा गुंडाळलेला, तो थेट पंखापर्यंत गेलेला. काल पंधरा ऑगस्टला दिल्लीभर पतंग उडत होते, त्यांचाच असणार. आम्हीही गच्चीवरून उडवलेच की.

तसाच ऑटो करून परत गेलो. चौकीदाराला फोटो दाखवला, "ये बत्तख कहाँ है?" तर तोही हसला. तळ्याला दोन चकरा मारल्या. सापडलं नाही.

तो वर धरलेला पाय डोळ्यांसमोरून जात नाही. सकाळी मी त्याला सारखा म्हणत होतो, "हलू नकोस हं, अस्संच थांब." आणि मनात म्हणालो, किती शहाणं आहे, ऐकतंय माझं.