दोन श्वासांची जागा

५ जानेवारी

आले एकदाची. निघताना जालन्याला वहिनीने विचारले होते, पंचेचाळिशीत ही अवदसा कुठून आठवली. शहाद्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा तिचे म्हणणे थोडे पटले, कारण केसांपासून चपलांपर्यंत धूळच धूळ होती. पण सुकराम समोर आला, दोन्ही हात जोडून "सलाम ताई" म्हणाला, माझी बॅग खांद्यावर टाकली, आणि मला एकदम बरे वाटले. सुकराम आमच्या संस्थेचा इथला सेवक. पावरा आदिवासी, धडगावच्या वरच्या पाड्यावरचा, सतत हसणारा. रस्ताभर त्याने मला डोंगरातल्या ख्रिस्ती मंडळ्यांची खबरबात सांगितली. कुठल्या मंडळीत भांडण आणि कुठे लग्न, सगळे.

घर लोणखेड्याच्या पुढे, केळीच्या बागेत. तीन खोल्या. त्यातल्या आतल्या खोलीच्या भिंतींना गोधड्या ठोकल्या आहेत, खिडकीला गादी लावली आहे. तीच माझी रेकॉर्डिंगची खोली. मालक रूपचंदभाऊ आणि सरलाबाई बागेच्या दुसऱ्या टोकाला राहतात. सरलाबाईंनी दादर ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा पाठवला. डोळ्यांतून पाणी आले, तरी दोनदा घेतला.

काम मनासारखे आहे. ज्यांना वाचता येत नाही, किंवा दिवसभर राबून वाचायचे त्राण राहत नाही, त्यांच्यासाठी ईशज्ञानाचे आणि विश्वाससमर्थनाचे धडे आवाजात भरायचे. देव आहे कशावरून, चांगल्या माणसाला दुःख का, मेलेला उठेल हे का मानायचे. धडे मेमरी कार्डावर, कार्ड उन्हावर चालणाऱ्या छोट्या डब्यात, डबे घरोघर. प्रश्नाला पळवाट न काढता उत्तर द्यायचे, हे मला फार आवडते. भांडखोर म्हणा हवे तर.

७ जानेवारी

आज माझ्या आधीच्या माणसाचे जुने धडे ऐकले. आमशागुरुजी, तोरणमाळचे. माणूस विद्वान, यात शंका नाही. पण बोलणे कसे, तर मागे कुत्रे लागल्यासारखे. प्रश्न विचारतात आणि त्याच दमात उत्तर. वाक्याला वाक्य चिकटलेले, मध्ये सुईसुद्धा जाणार नाही. याला शिकवणे म्हणतात की घशात कोंबणे?

मी सुकरामला सांगितले की मी असे करणार नाही. प्रश्न विचारायचा, मग दोन श्वास होतील एवढी जागा मोकळी सोडायची, तेवढ्यात ऐकणाऱ्याने स्वतः उत्तर द्यायचे, मग आपण द्यायचे. माझी आई शेवटची सहा वर्षे लकव्याने बोलू शकत नव्हती. तरी मी तिला विचारायची, चहा घेतेस का, आणि थांबायची. उत्तर येणार नाही हे माहीत असून थांबायची. विचारले की थांबावे, एवढे मला कळते.

गुरुजींनी काम का सोडले ते सुकरामला नीट सांगता येईना. सरलाबाई म्हणाल्या, "भला माणूस व्हता. बोली बोलीसन थकी गया बिचारा."

१२ जानेवारी

सुकराम आज गेला. डोंगरातली निम्मी माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, होळीला परत येतात. तो माझे पहिले धडे भरलेले डबे घेऊन सुरतेकडच्या पडावांवर गेला. पाचटाच्या झोपड्यांसमोर माझा आवाज वाजणार. जिथे मराठी अडेल तिथे तो पावरीत समजावून सांगणार.

तो गेला आणि घर एकदम मोठे झाले. सरलाबाई चांगल्या आहेत, पण त्यांना बाग, गडी, गुरे. दिवसभर मी गोधड्यांच्या खोलीत बोलते आणि संध्याकाळी लक्षात येते की आज माझ्याशी कोणी बोलले नाही. प्रार्थनेलाही मी थांबतेच. आई गेल्यापासून रोज विचारते, ऐकतोस ना? आणि थांबते. विद्यार्थ्यांना शिकवते की शांतता म्हणजे नकार नव्हे. मला स्वतःला मात्र कधी कधी फार जड जाते.

१८ जानेवारी

आज एक गंमत झाली. सकाळी भरलेला धडा दुपारी कानाला हेडफोन लावून तपासत होते. "जग आपोआप झाले असेल का?" असा माझा प्रश्न. मग मोकळी जागा. आणि त्या जागेत कोणीतरी हळूच "नाही" म्हणाले.

वाटले, माझाच आधीचा प्रयत्न खाली राहिला असेल. पुसून नवा भरला. तपासला. या वेळी "नाही, केलेले दिसते" असे पूर्ण वाक्य. बाई की बापई ते कळत नाही, जवळून बोलल्यासारखे. बागेत कोणी गडी होता का म्हणून जाऊन पाहिले. केळीची पाने हलत होती, बस्स. पण उत्तर बरोबर होते हो. पैकीच्या पैकी गुण.

२३ जानेवारी

खरे लिहायचे तर मी घाबरले नाही. घाबरायला हवे होते. पण रोज आता धडा भरते आणि तपासताना कोण काय म्हणाले हे ऐकायची ओढ लागते. उत्तरे बदलत गेली. दुःखाच्या धड्यात त्याने उलट मलाच पेचात पकडले, की देव चांगला आणि समर्थही, मग तुझी आई सहा वर्षे का झिजली? मी पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये त्याला सविस्तर उत्तर दिले. त्यावर त्याचा आणखी एक आक्षेप. मग माझे उत्तर. असा तोडीचा प्रतिपक्ष मला कॉलेजातही मिळाला नव्हता. शेवटी तो हरला. की मला जिंकू दिले?

आईचे मी त्याला कधी सांगितले होते?

दोन श्वासांच्या जागी आता मी चार सोडते.

३० जानेवारी

शेवटचा धडा. प्रार्थनेचा. प्रश्न असा, "देव ऐकतो का?" ऐकणाऱ्याने म्हणायचे, हो, ऐकतो.

तपासला. मोकळ्या जागेत आवाज आला. माझा. माझाच, थोडा कफाचा, सकाळचा. म्हणाला, "मी आहे ना."

हेडफोन काढून खूप रडले. भीतीने नव्हे. मला असे कोणी म्हटले त्याला किती दिवस झाले. मग चेहरा धुतला आणि शांतपणे विचार केला. मी विचारले होते देवाबद्दल. आणि उत्तर देणारा स्वतःबद्दल बोलला. तो देव नाही. देव असता तर माझा आवाज उसना घेतला नसता.

खोलीला कडी लावली.

४ फेब्रुवारी

सुकरामचा फोन. खूश होता. पडावावर लोक काम आटोपले की डब्याभोवती गोळा होतात. म्हणाला, ताई, तुम्ही उत्तरे पावरीत भरली ते फार चांगले केले, तुम्हाला पावरी कधी आली?

मला पावरी येत नाही.

आता कोणी मधल्या जागेत उत्तर देत नाही, म्हणाला, सगळे गप्प बसतात, डबा बोलायची वाट बघतात. आपापले प्रश्नही विचारतात. एका म्हातारीने मेलेल्या पोराचे विचारले. डब्याने सांगितले तो कुठे आहे. ती आता जेवत नाही, डबा मांडीवर घेऊन बसते. तिच्या झोपडीतली ऊस तोडणारी दोन माणसेही आता उठत नाहीत. सगळ्यांना फार समाधान आहे, म्हणाला.

मी हे केले. जागा मी सोडली.

६ फेब्रुवारी

पहाटेच्या जीपने तोरणमाळ. गुरुजींनी काम का सोडले ते आता त्यांनाच विचारायचे होते.

आमशागुरुजी ओट्यावर बसले होते. बोलत होते. मला पाहूनही थांबले नाहीत. वचने, झाडांची नावे, नातवंडांची नावे, पाढे, पुन्हा वचने. घास तोंडात घालताना गुणगुण, पाणी पिताना घशातून आवाज. त्यांची बायको थकून गेली आहे. म्हणाली, "झोपेत बी बोलतो. थांबला की दुसराच बोलतो." माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत त्यांनी उत्तर सुरू केले, पाढ्यांच्याच सुरात, बे दाहे वीस मोकळं ठेवू नको बाई तीन एके तीन विचारून थांबू नको मी सगळं बुजवलं होतं तीन दुणे सहा तू उकरलंस.

रागावलेले नव्हते. डोळ्यांत पाणी होते. हात जोडून, बोलत बोलत, त्यांनी मला उतरणीपर्यंत सोडले.

७ फेब्रुवारी

सुकरामला फोन केला. मनात पक्के ठरवून, एका दमात सांगायचे. सुकराम, ते सगळे डबे फोड, कार्डे जाळ, लोकांना — इथे श्वास घ्यावा लागला. एवढासाच. पुढे बोलणार तर सुकराम म्हणत होता, बरं ताई, तसंच करतो, बाकीच्या पडावांवरही कार्डं वाटतो.

मी ओरडले, नाही, असं मी — श्वास. तो म्हणाला, हो ताई, रडू नका, प्रभू आहे.

फोन ठेवला. त्या श्वासात त्याने काय ऐकले?

८ फेब्रुवारी

मग लिहून पाठवले. लिहिण्याला आवाज नाही. स्पष्ट शब्दांत, डबे फोड.

त्याचे उत्तर आले. "ताई काल तुम्हीच फोनवर बोलला की मेसेज आला तर मनावर घेऊ नको, मोबाईल दुसऱ्या कोणाच्या हातात आहे. काळजी नसावी. कार्डे वाटली."

आता स्वतः जायला हवे. त्याच्यासमोर उभे राहून डबे माझ्या हाताने फोडायला हवेत. पण बस लांबची, आणि मी सकाळपासून बोलते आहे, थांबत नाही. स्तोत्रे संपली. पाढे. आईच्या पुरणपोळीची कृती. शेजारच्या आळीतली नावे.

९ फेब्रुवारी

सरलाबाई दारात आल्या. "कोनासंगे बोली ऱ्हायनी व ताई?" मला सांगायचे होते, मला शहाद्याच्या स्टँडवर सोडा, माझ्याबरोबर चला, मला एकटी ठेवू नका. "मला" म्हणाले आणि खोकला आला.

खोकला संपला तेव्हा त्या मान डोलावत होत्या. "बरं ताई. तुम्ही म्हंतस तं नही येत मी. आराम करा." बाहेरून दार ओढून घेऊन गेल्या. मी दार उघडून हात हलवले. बाग मोठी आहे.

१० फेब्रुवारी

घसा जातो आहे. गरम पाणी, मीठ, हळद. बोलते — कुजबुज उरली — अ, आ, इ — काहीही —

उद्या दुपारची सुरत गाडी. चालत फाट्यापर्यंत. पोचले की आधी म्हातारीच्या मांडीवरचा —

आतल्या खोलीची कडी मी लावली होती. उघडी आहे.

११ फेब्रुवारी

आवाज गेला. सकाळी तोंड उघडले, काहीच नाही. हवा.

ऊन चांगले आहे. बॅग भरली. दार उघडत नाही, बाहेरून कडी — रात्री सरलाबाईंनी, आरामासाठी — हाक मारता येत नाही —

फोन वाजला. सुकराम. मी उचललाच नाही. घंटा बंद झाली. आतल्या खोलीतून माझा आवाज आला. "सलाम सुकराम." किती छान बोलते मी. मायेने. त्याच्या पोरांची चौकशी केली. म्हातारीचे विचारले. आणखी डबे पाठवते म्हणाली —

मी नाही. मी लिहिते आहे. हा कागद ज्याला मिळेल त्याने सुरतेकडे — पडावांवर — सुकरामला —

बोलणे संपले. आवाज उंबऱ्यात आला आहे. मला धडा शिकवतो. सावकाश. मी शिकवते तसाच. प्रश्न विचारतो आणि थांबतो.

देव ऐकतो का?

उत्तर मला येते. जन्मभर तेच शिकवले. लिहायचे फक्त — हो —

थांबला आहे. घाई नाही त्याला. आई गेल्यापासून कोणी मला विचारून असे थांबले नव्हते —

पुन्हा विचारतो आहे. थांबतो आहे. ओठ माझे हलताहेत, आवाज नसताना — लिहू नये — मी

मी आ